धूर खाली आला की...

बटाटा, पाव आणि पगार यांच्या जोडीने 'लिलाव' हा शब्दही आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. पहिल्या तिघांनी पोट भरतं, चौथ्याने खिसा रिकामा होतो.

'एक वार, दोन वार, तीन वार' झालं की लिलाव संपला, अशी आपली समजूत. पण सतराव्या शतकात लंडनला इंचभर मेणबत्ती पेटवून ठेवीत. ती विझण्यापूर्वी जो शेवटचा बोलला, त्याचा माल! सॅम्युअल पीप्स हा आरमाराच्या कचेरीतला अंमलदार; डायरी लिहिण्याची खोड असलेला. असला लिलाव त्याने १६६० साली प्रथम पाहिला. १६६२ च्या सप्टेंबरात जुन्या जहाजांचे सांगाडे विकायला काढले, तेव्हा त्याला दिसलं की एक बेरकी गृहस्थ हटकून शेवटची बोली लावतोय. पीप्सने कारण विचारलं. तो म्हणाला, ज्योत विझायच्या क्षणी धूर खाली उतरतो. तो दिसला की बोलायचं!

एवढं गुपित त्याने सरकारी माणसाला फुकट सांगितलं, याचंच मला नवल वाटतं. आपल्याकडचा असता तर 'देवाची कृपा' म्हणून मोकळा झाला असता.

१९९५ साली अमेरिकेत 'ईबे' निघालं आणि मेणबत्तीच्या जागी घड्याळ आलं. धूर नाही, पण बेरकी गृहस्थ तोच! आठवडाभर गप्प बसायचं आणि शेवटच्या पाच-दहा सेकंदांत बोली टाकायची. याला म्हणतात 'स्नायपिंग', म्हणजे दबा धरून गोळी घालणं. ॲमेझॉनही तेव्हा लिलाव करी. पण तिथे शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत आणखी दहा मिनिटं वाढे. रॉथ आणि ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली दोन्हींची तुलना छापली. उशिरा बोलणारे ईबेवर कितीतरी जास्त निघाले, आणि त्यातही मुरलेले अधिक. माणूस तोच, पण मेणबत्ती लांबली की धुराकडे कोण बघतो?

खरं तर आपला शेवटचा आकडा आधीच यंत्राला सांगून ठेवला, तर ते गरजेपुरतंच वाढवत नेतं. मग दबा धरणाऱ्याचं भय नको. पण शेवटचा आकडा पहिल्यांदा सांगायचा, हे घासाघीस करणाऱ्याच्या जिवावर येतं.

माझ्या भाच्याने अशाच एका लिलावात, आठ सेकंद उरले असताना, बालगंधर्वांची तबकडी पटकावली. घरात जल्लोष झाला. माझ्या आईने तबकडी पदराने पुसली आणि विचारलं, "दुसरं कोण मागत होतं रे?"

"होता कुणीतरी. सहा दिवस पन्नास-पन्नास रुपये चढवत होता."

"पन्नास-पन्नास?" आई म्हणाली. "म्हणजे त्याला खरंच हवी होती रे."

भाचा म्हणाला, "आजी, नियमातच बसतं ते."

"बसत असेल," ती म्हणाली, आणि तबकडी लावायला तिने संध्याकाळपर्यंत हात लावला नाही.