द्राक्षवेलीचे भूमिगत सहकारी : एक ऐतिहासिक परामर्श

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील बोन येथील द्राक्षतोडणीच्या तारखांची १३५४ ते २०१८ पर्यंतची मालिका संशोधकांनी संकलित केली आहे. १९८७ पर्यंत तोडणीचा आरंभ सरासरीने २८ सप्टेंबरच्या सुमारास होत असे. १९८८ पासून तो सुमारे १३ दिवस अलीकडे आला. हवामानपालटाचा याहून बोलका पुरावा क्वचितच आढळेल. वाढती उष्णता व अवर्षण यांत वेल तगावी म्हणून मातीतील उपकारक सूक्ष्मजीवांचे साहाय्य घ्यावे, असा विचार आज मांडला जातो. तो नवा वाटला तरी त्याची पूर्वपीठिका जुनी आहे. तिचा परामर्श घेतल्यावाचून त्याचे मूल्यमापन करणे उचित होणार नाही.

द्राक्षवेलीच्या मुळांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष प्रथम वेधले गेले ते शत्रूच्या शोधात. १८६८ मध्ये प्लांशाँ, बाझील व साय्यू या त्रयीने दक्षिण फ्रान्समधील वाळत्या वेलींच्या मुळांवर फायलोक्झेरा ही कीड दाखवून दिली. मातीत कार्बन डायसल्फाइड सोडण्याचा उपाय योजण्यात आला. परंतु टिकाऊ ठरला तो अमेरिकी खुंटावर युरोपीय वेलीचे कलम करण्याचा मार्ग. माती ही जणू रोगाचे घर असून ती शुद्ध केली पाहिजे, ही भावना अशा अनुभवाने बळावली असल्यास नवल नाही.

परंतु त्याच शतकात दुसरी दृष्टीही उदयास आली. प्रशियात ट्रफल या खाद्य कवकाची लागवड शक्य आहे काय, हे पाहण्याचे काम फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोपविण्यात आले होते. त्या निमित्ताने वृक्षांची मुळे व कवक यांचे सहजीवन त्यांच्या ध्यानी आले आणि १८८५ मध्ये त्यांनी त्यास ‘मायकॉरायझा’ हे नाव दिले. फ्रांक यांनी वर्णिलेले कवक मुळांवर बाहेरून आवरण घालते. द्राक्षवेलीतील कवक निराळे आहे : ते मुळाच्या पेशींत शिरून वृक्षाकृती सूक्ष्म शाखा निर्माण करते. या शाखांना गॅलो यांनी १९०५ मध्ये ‘आर्बस्क्यूल’ म्हटले. कवकाचे तंतू मुळांच्या आवाक्याबाहेरील फॉस्फरस आणून देतात आणि वेल त्या बदल्यात त्यांचे पोषण करते.

या सहकाऱ्याचे महत्त्व पटले ते मात्र त्याच्या अभावामुळे. विसाव्या शतकात सूत्रकृमी व रोग यांच्या नाशासाठी मेथिल ब्रोमाइडने माती निर्जंतुक करण्याची प्रथा रूढ झाली. अशा मातीत लिंबूवर्गीय रोपे खुरटतात त्याचा संबंध मायकॉरायझाच्या अभावाशी आहे, असे क्लाइनश्मिट व गर्डेमान यांनी १९७२ मध्ये दाखविले. तत्पूर्वी १९७१ मध्ये पॉसिंगहॅम व ग्रूट ऑबिंक यांनी द्राक्षवेलीच्या पोषणातील या कवकाचे स्थान अभ्यासिले होते. १९८३ मध्ये मेंज व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील द्राक्षवेलींबाबत निर्जंतुकीकरण, कवक व वाढ यांचा एकत्रित विचार केला. शत्रूबरोबर मित्रही मारला जात होता, हे यावरून स्पष्ट झाले.

जीवाणूंचा अभ्यास याहून अलीकडचा. २००६ मध्ये शार्दोने जातीच्या प्रयोगशाळेतील रोपांवर एका उपकारक जीवाणूचा प्रयोग होऊन त्यांची थंडी सोसण्याची शक्ती वाढल्याचे आढळले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या संशोधनात मुळांशी निगडित जीवाणूंमुळे वनस्पतींची अवर्षणातील सहनशक्ती वाढली. परंतु हा गुण पाण्याच्या ताणाखालीच प्रकट होतो, असे संशोधकांनी नोंदविले.

ही नोंद विशेष महत्त्वाची आहे. सूक्ष्मजीवाचा गुण परिस्थितिसापेक्ष असेल, तर कुंडीतील यश शेतातही मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. शिवाय मातीत स्थानिक कवके व जीवाणू आधीच नांदत असतात. बाहेरून आणलेल्या जीवाला त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते. म्हणून पुडीतून सूक्ष्मजीव विकत घेण्यापूर्वी आपल्या मातीत जे आहेत ते आपणच नष्ट करीत नाही ना, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. या इतिहासाचा निष्कर्ष माझ्या मते एवढाच आहे. आणि पुढील संशोधनाची दिशाही त्यातच सूचित झालेली आहे.