कच्छमधील जुरासिक स्तरांचा सहसंबंध : नाव, जीवाश्म आणि काळ

भारतातील सागरी जुरासिक खडकांच्या अभ्यासात कच्छचे स्थान अग्रगण्य आहे. मात्र तेथील खडक सलग दिसत नाहीत. मुख्य भूभागातील डोंगर, रणातील पच्छम व खडीर ही बेटे आणि पूर्वेकडील वागड यांच्यामध्ये रणाची सपाटी पसरली आहे. त्यामुळे एका डोंगरातील थर दुसऱ्या डोंगरातील कोणत्या थराचा समकालीन, हा प्रश्न प्रारंभापासूनच उपस्थित झाला.

मुंबई इलाख्याच्या सैन्यातील अभियंते कॅप्टन ग्रँट यांचा कच्छविषयक प्रबंध १८४० मध्ये प्रसिद्ध झाला. वाइन यांनी १८७२ मध्ये या स्तरांचे वरचा व खालचा असे दोनच विभाग केले. स्टोलिच्का यांनी पच्छम, चारी, कत्रोल व उमिया असे चार गट मानले. परंतु १८७४ मध्ये यार्कंदहून परतताना त्यांचे निधन झाले. त्यांची विभागणी अभ्यासकांपुढे आली ती वागेन यांच्या १८७३-७५ मधील ग्रंथातून. वागेन यांनी कच्छमधील अमोनाइटांची युरोपातील अमोनाइटांशी तुलना करून प्रत्येक गटाला काळ दिला. अमोनाइटांच्या जाती अल्पायुषी आणि दूरवर पसरलेल्या असल्याने हा आधार भक्कम होता.

तरीही उमिया गटापाशी पेच निर्माण झालाच. तेथील सागरी जीवाश्म जुरासिकच्या अखेरचा काळ सुचवीत होते; फाइस्टमांटेल यांनी १८७६ मध्ये वर्णन केलेल्या वनस्पती मात्र इंग्लंडमधील कितीतरी जुन्या, मध्य जुरासिक वनस्पतींशी जुळत होत्या. एकाच गटाची दोन वये संभवत नाहीत. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये माँट्रियल येथील भाषणात अशाच विसंगतींवर बोट ठेवले. दूरच्या प्रदेशांत सारखे जीवाश्म आढळले म्हणून ते स्तर समकालीनच असले पाहिजेत असे नाही, हे हक्सले यांनी १८६२ मध्येच बजावले होते. कच्छने त्या इशाऱ्याला ठोस उदाहरण पुरविले. या वादात सागरी पुराव्याला अधिक वजन देणेच योग्य होते. स्थलीय वनस्पतींची कालमर्यादा तुलनेने सैल असते.

स्पाथ यांनी १९२७ ते १९३३ या काळात कच्छच्या अमोनाइटांचे पुनर्वर्णन केले व काळाची विभागणी अधिक सूक्ष्म झाली. परंतु दुसरा घोळ कायम राहिला. ‘पच्छम’ हे नाव बेटावरून पडले, आणि तेच मुख्य भूभागातील झुरा येथील चुनखडक व शेलनाही लावले जाई. बेटावर तर वालुकाश्माचे प्राबल्य आहे. एकाच शब्दाने कधी खडक, कधी जीवाश्मसमूह, तर कधी काळ सूचित होई. एस. के. बिस्वास यांनी १९७०च्या दशकात ही गुंतागुंत सोडविली. मुख्य भूभाग, पच्छम आणि पूर्व कच्छ यांना त्यांनी खडकांवर आधारित स्वतंत्र शैलसमूह दिले. मुख्य भूभागात झुरियो, जुमारा, झुरान व भुज असा क्रम झाला. जुनी नावे मात्र त्यानंतरही लेखनातून गेली नाहीत.

धोसा ऊलाइटचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. बारीक गोल कणांचा हा पातळ चुनखडक मुख्य भूभागातील अनेक डोंगरांत जुमारा शैलसमूहाच्या माथ्यावर आढळतो व खूणथर म्हणून उपयोगी पडतो. गाळ अत्यंत संथपणे साचल्याने त्याच्या वरच्या भागात वेगवेगळ्या वयांचे अमोनाइट एकत्र आले आहेत. वागडमध्ये कंथकोटजवळ त्याच ऑक्सफर्डियन कालखंडाचे अमोनाइट मिळतात. पण तेथे त्यांच्या सोबतीला ऊलाइट नसून वालुकाश्म आहे.