दोन आठवड्यांचे पाहुणे

मे महिना उजाडला की उमरखाडी, माझगाव, भायखळा येथील चाळींतून आपल्या मुलांची जी लगबग उडे ती आमच्या वडीलधाऱ्या वाचकांच्या स्मरणात असेल. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडायची, पुढे अलिबाग, नवगाव, रेवदंडा असे कोठेतरी आजोळ गाठायचे, आणि पावसाची पहिली सर येईपर्यंत मुंबईचे नाव काढायचे नाही. त्या सुटीस आपण कधी दानधर्म म्हटले नाही. ते आजोळ होते. परंतु ज्या मुलांचे आजोळ सातासमुद्रांपलीकडे राहिले, किंवा मुळी उरलेच नाही, त्या मुलांनी उन्हाळ्यात कोठे जावे? हा प्रश्न सुमारे दीडशे वर्षांपूर्वी न्यू यॉर्क शहरात उभा राहिला. त्याचे जे उत्तर तेथे शोधले गेले त्याचा इतिहास आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयर्लंड, जर्मनी, इटली आणि पूर्व युरोप येथून आलेली लक्षावधी माणसे न्यू यॉर्कच्या दाट वस्तीत सामावली. पूर्व युरोपातून आलेले आपले यहुदी बांधव मुख्यतः लोअर ईस्ट साइड या भागात राहत. पाच-सहा मजल्यांच्या इमारती, एकेका मजल्यावर चार-चार बिऱ्हाडे, आणि आतल्या खोल्यांना उजेड नाही. 1879 च्या कायद्याने प्रत्येक खोलीस खिडकी असावी असे ठरविले. तेव्हा घरमालकांनी दोन इमारतींमध्ये एक अरुंद बोळकांडे ठेवून त्यात खिडक्या उघडल्या. त्या बोळकांड्यात वरून केरकचरा पडे आणि खालून दुर्गंधी वर येई. उन्हाळ्यात दूध नासे, हगवणीची साथ येई आणि तान्ही मुले दगावत. 1896 च्या ऑगस्टमध्ये सुमारे दहा दिवस जी उष्णतेची लाट आली तिच्यात त्या शहरातील हजाराहून अधिक माणसे मृत्यू पावली. रात्री वाऱ्याच्या झुळकेसाठी लोक गच्चीवर निजत, आणि झोपेत कड्यावरून खाली पडून मरत.

अशा वस्तीतील मुलांची स्थिती विलर्ड पार्सन्स या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने पाहिली होती. पेनसिल्व्हेनिया राज्यातील शर्मन या खेडेगावी त्याचे छोटेसे उपासना मंदिर होते. 1877 च्या उन्हाळ्यात त्याने आपल्या मंडळींस एक साधी विनंती केली: शहरातील एक-दोन गरीब मुले दोन आठवडे आपल्या घरी ठेवून घ्या. शेतकरी कुटुंबांनी होकार दिला आणि त्या पहिल्या उन्हाळ्यात सुमारे 60 मुले पाहुणचार घेऊन परतली. पुढे वृत्तपत्रांनी हे कार्य उचलून धरले. 'न्यू यॉर्क ट्रिब्यून' या पत्राने वाचकांकडून वर्गणी जमविली आणि 1888 साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली. तीच 'फ्रेश एअर फंड', म्हणजे शुद्ध हवा निधी, या नावाने आजतागायत ओळखली जाते. 'ट्रिब्यून'चा वारसा चालविणारे पत्र 1966 साली बंद पडले, तरी निधी बंद पडला नाही.

या कार्याची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. गावातील पाद्री किंवा एखादी कर्ती बाई घरोघर जाऊन कोणाकडे किती मुले राहू शकतील याची यादी करी. शहरात मुलांची वैद्यकीय तपासणी होई, कारण देवी, गोवर, घटसर्प यांची भीती मोठी होती. तपासणीत उतरलेल्या मुलाच्या कपड्यांवर चिठ्ठी लावली जाई, रेल्वे कंपनी भाड्यात सूट देई, आणि गाडी स्टेशनात शिरे तेव्हा यजमान फलाटावर उभे असत. यजमानास पैसे मिळत नसत, आणि ही अट पार्सन्सच्या दृष्टीने महत्त्वाची होती. मूल भाडेकरू म्हणून न जाता पाहुणा म्हणून जावे, हा त्याचा आग्रह.

अशी कल्पना त्या काळी एकट्या पार्सन्सलाच सुचली होती असे नव्हे. 1876 मध्ये झुरिकच्या वाल्टर बियॉन या धर्मोपदेशकाने शहरातील 68 मुले आपेनझेलच्या डोंगरात नेली. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात सॅम्युअल बार्नेट व त्याची पत्नी हेन्रिएटा यांनी 1877 पासून मुले खेड्यांत धाडण्यास आरंभ केला. 1884 साली त्यातून मुलांच्या ग्रामीण सुटीचा निधी उभा राहिला. मात्र लंडनच्या योजनेत खेड्यातील कुटुंबास आठवड्याच्या हिशेबाने खर्च दिला जाई आणि मुलांच्या आईबापांनीही ऐपतीप्रमाणे वाटा उचलावा अशी अपेक्षा असे. यात उपकाराचे ओझे कमी होते, असे आम्हांस वाटते.

यहुदी मुलांपुढे आणखी एक अडचण होती. खेड्यातील ख्रिस्ती घरी काशेर जेवण कोठून मिळणार आणि शब्बाथ कसा पाळला जाणार? प्रेमळ यजमानीण ताटात जे वाढील ते नाकारणे सात-आठ वर्षांच्या मुलास कठीणच. न्यू यॉर्कच्या यहुदी समाजाने यावर स्वतःचा मार्ग काढला. 'एज्युकेशनल अलायन्स' या संस्थेने 1902 साली हडसन नदीच्या खोऱ्यात कोल्ड स्प्रिंग येथे 'सरप्राइज लेक' हे शिबिर उघडले. लोअर ईस्ट साइडचा पोरका मुलगा एडी कँटर, जो पुढे अमेरिकेचा लाडका विनोदी नट झाला, तो तेथेच प्रथम उन्हाळा घालवून आला. आपल्याच समाजाने आपल्या मुलांसाठी केलेली सोय असल्याने तेथे कोणास आपला धर्म दाराबाहेर ठेवावा लागला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यू यॉर्कच्या गरीब वस्त्यांचे रूप पालटले. आता जाणारी मुले बहुसंख्येने कृष्णवर्णीय आणि पोर्टोरिकन होती. यजमान बहुतेक गोरे. अनेक घरांत आयुष्यभराचे स्नेह जुळले, तीच मुले वर्षानुवर्षे त्याच घरी बोलावली गेली, हे नाकारता येत नाही. परंतु दुसरी बाजूही आहे. कोणत्या वर्णाचे मूल हवे हे यजमान पूर्वी कळवू शकत. पहिल्या खेपेस बारा वर्षांपुढील मूल सहसा घेतले जात नसे. इतिहासकार टोबिन शीअरर यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या मर्यादेमागील भीती उघड केली आहे: लहान मूल गोंडस वाटे, पण तेच वयात आले की यजमानांच्या मुलामुलींशी त्याचे सख्य जुळेल अशी धास्ती असे. शिवाय वृत्तपत्रे ज्या कथा छापीत त्यांत खेड्यात सारे मंगल आणि शहरात सारे भकास असे. त्या मुलाची आई, त्याची शाळा, त्याच्या गल्लीतील खेळ यांत काही चांगले असू शकते हे त्या कथांत क्वचितच येई.

हे वाचताना आमच्या मनात आपल्या समाजाचाच इतिहास उभा राहिला. आपण या देशात आलो तेव्हा आपलेही स्वागत झाले. कौतुकाने आपली साडी पाहिली गेली, आपला मलिदा चाखला गेला. पण विवाहाचा प्रश्न निघाला तेव्हा आपल्या वंशाविषयी शंका घेतल्या गेल्या, आणि बरोबरीचा मान मिळविण्यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांना 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेमच्या रस्त्यावर बसावे लागले. पाहुणा म्हणून गोड वाटणारा माणूस सोयरा म्हणून नको, हा अनुभव आपणांस परका नाही. म्हणूनच या निधीचे गुण आणि दोष दोन्ही आपणांस इतरांहून अधिक कळावेत.

आपला पिता आब्राहाम भर उन्हाच्या वेळी तंबूच्या दारी बसला असता तीन वाटसरू आले, आणि तो धावत सामोरा गेला, हे तोरात आपण वाचतो. त्याने थोड्याशा भाकरीची गोष्ट काढली आणि वासराची मेजवानी दिली, हे आपण मुलांस आवडीने सांगतो. परंतु त्याच अध्यायात पुढे आहे की पाहुणे निघाले तेव्हा त्यांना वाटेस लावण्यासाठी तो त्यांच्याबरोबर चालत गेला. राम्बाम तर सांगतात की पाहुण्याला पोहोचविण्याचे पुण्य सर्वांत थोर.

1877 पासून आजवर सुमारे 18 लाख मुलांनी या निधीचा लाभ घेतला, असे ती संस्था सांगते. 2020 च्या महामारीत घरोघरचा पाहुणचार थांबला, तेव्हा संस्थेने शहराच्या रस्त्यांवरच मुलांसाठी खेळाची व्यवस्था केली. ज्या गल्लीतून मुलाला दोन आठवडे बाहेर काढायचे, तीच गल्ली त्याच्यासाठी बरी करावी, हे यातून सहज सुचते. न्यू यॉर्कच्या अंधाऱ्या खोल्यांवर 1901 च्या कायद्याने जो इलाज केला तोही याच जातीचा होता. नव्या इमारतींत उजेड आणि हवा देणे त्याने सक्तीचे केले. पार्सन्सच्या शेतकऱ्यांनी दार उघडले, हे थोर कार्य होय. परंतु दोन आठवड्यांनी गाडी सुटल्यावर ते मूल कोणत्या घरी परत जाते, हे पाहण्यासाठी त्याच्याबरोबर चार पावले चालत जाणारे यजमान थोडेच निघाले. आपल्या घरी कोणी पाहुणा आला तर आपण किती पावले त्याच्याबरोबर चालतो, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.