गृहजालावरील राखीव प्रत

घरच्या संगणकावरील लेख, छायाचित्रे व हिशेब यांची नक्कल राउटरमार्फत जोडलेल्या दुसऱ्या यंत्रावर नियमाने उतरवून ठेवण्याची तजवीज. व्यवहारात हिला बॅकअप म्हणतात. असल नष्ट झाली तरी नक्कल उरावी, हा दप्तरखान्याचा जुना दंडक मोडल्यास काय किंमत पडते, हे महानुभाव पंथाने पुरते जाणले आहे. पंथातील म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध केलेली ‘लीळाचरित्र’ या पंथग्रंथाची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत गहाळ झाली, पंथीयांनी स्मरणाच्या बळावर ग्रंथ पुन्हा उभा केला, हे मराठीवरचे मोठे उपकार, परंतु पाठभेद त्यात कायमचे शिरले. संगणकातील मजकुराला स्मरणाचा तेवढाही आधार नसतो.

नकलेसाठी डिस्क बसविलेला जुना संगणकही पुरतो; मात्र राउटरमध्ये त्याचा पत्ता कायम करून द्यावा. पहिली प्रत संपूर्ण घ्यावी लागते, पुढे केवळ बदललेला भाग जातो. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांची १९९६ मधील ‘आरसिंक’ प्रणाली याच तत्त्वावर चालते. पाचशे गिगाबाइटांची पहिली प्रत गिगाबिट तारेवरून सुमारे सव्वा तासात, तर शंभर मेगाबिटांच्या तारेवरून अकरा-बारा तासांत उतरते.

खरा प्रश्न अखत्याराचा आहे. मे २०१७ मध्ये विंडोजच्या फाइल-वाटप यंत्रणेतील दोषातून जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’सारखा खंडणीखोर विषाणू संगणकात शिरला, तर त्या संगणकाला जेथे लिहिण्याची मुभा आहे तेथील नक्कलही तो कुलूपबंद करू शकतो, म्हणून राखण करणाऱ्या यंत्रानेच संगणकावरून मजकूर ओढून घ्यावा आणि मागील तारखांच्या प्रती राखाव्या. दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहिणाऱ्या ‘रेड’ रचनेला बॅकअप समजणे चुकीचे होय, कारण एकीवर पुसलेले दुसरीवरूनही तत्क्षणी पुसले जाते.

मराठवाड्यात वळवाच्या विजांचा आघात तारेवाटे दोन्ही यंत्रांना एकदम पोहोचू शकतो. तेव्हा एक डिस्क कूटबद्ध करून परगावच्या आप्तांकडे ठेवावी, व तिचा परवलीचा शब्द घरातील दोघांना ठाऊक असावा. अधूनमधून काही फाइली नकलेवरून परत उतरवून, उघडून, असलेशी रुजवात घ्यावी. रुजू न झालेली नक्कल हिशेबात धरू नये.