मूठभर बिया, अख्खी रास

गव्हाणच्या शेजारीच १९८९ पासून जवाहरलाल नेहरू बंदर चालू आहे. तिथल्या कंटेनरमधला माल कुणी दाणा-दाणा तपासत नाही. नमुना काढतात आणि त्यावरून अख्ख्या मालाची प्रत ठरते. मग नमुना केवढा हवा? आज आपण या प्रश्नाचा थोडा इतिहास पाहू.

१९४० च्या दशकात हा वाद शेतात रंगला. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळानंतर पिकाचा अंदाज हा पोटाचा प्रश्न झाला होता. प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकडे कापून अंदाज काढत. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी त्याला हरकत घेतली. तुकडा फार लहान असला की कडेवरची रोपं कापणाऱ्याच्या हातून आत ओढली जातात आणि उत्पादन फुगतं, हे त्यांनी गव्हावरच्या प्रयोगांतून दाखवलं. १९४६ मध्ये ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. पुढे त्यांनी आणि वि. गो. पानसे यांनी शेतीसंशोधकांसाठी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक पिढ्यांनी वापरलं.

आता हाच धडा आपल्या कोकणातल्या काजूला लावू. व्यापारी किलोभर बी घेतो, अडकित्त्याने फोडतो, गर पाहतो आणि दर सांगतो. पण किलो म्हणजे किती बिया? ‘वेंगुर्ला-४’ची बी सुमारे ७.७ ग्रॅमची, म्हणजे १३० बिया. ‘वेंगुर्ला-७’ची १० ग्रॅमची, म्हणजे १०० च. वजन तेच, पुरावा कमी! समजा, शंभरात १० खराब निघाल्या. तर राशीतलं खरं प्रमाण ४ ते १६ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतं. चारशे बिया फोडल्या तर ते ७ ते १३ वर येतं. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो. रास दहा गोणींची की शंभर गोणींची, याने फारसा फरक पडत नाही.

हा हिशेब मात्र बिया सरमिसळ निवडल्या तरच खरा. चारशे बिया एकाच गोणीच्या तोंडाशी उचलल्या, तर मोठा नमुनाही फसवतो. सुखात्म्यांचा इशारा तोच होता. म्हणून अनेक गोणींच्या वरून, मधून, तळातून थोडं-थोडं काढायचं, एकत्र कालवायचं आणि मगच मोजायचं. वर्षभराच्या कष्टांचा दर त्या मुठीवर ठरतो. ती मूठ कशी भरली, हे विचारायचा हक्क बागायतदाराला आहेच.