सांगावा, रेडिओ आणि कॅसेट

रेडिओ आणि टेपरेकॉर्डरच्या आठवणी मराठीत पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. दिवाळी अंकांत तर त्या हमखास असतात. दिवाणखान्यातला मोठा रेडिओ, त्यावर आईने विणलेला रुमाल, सकाळची भक्तिगीते, बुधवारची बिनाका गीतमाला. या आठवणी खोट्या आहेत असे मी म्हणणार नाही. पण ज्या घरातल्या त्या आहेत त्या घराला दिवाणखाना होता. आमचे घर एका खणाचे होते, आणि रेडिओ होता तो गावाच्या चावडीवर. म्हणून मला जरा मागून, रेडिओच्या आधीपासून सुरुवात करावी लागते.

रेडिओ यायच्या आधी गावाचा रेडिओ महारच होता. दवंडी त्याने द्यायची, सरकारी टपाल तालुक्याला त्याने पोचवायचे, आणि गावात कुणाच्याही घरी माणूस मेले की पाचदहा कोसांवरच्या सोयऱ्यांना मरणाचा सांगावा त्यानेच न्यायचा. ऊन असो, पाऊस असो, रात्र असो. सांगावा घेऊन गेलेला माणूस त्या घराच्या अंगणाबाहेर उभा राहायचा, तिथूनच ओरडून सांगायचा. बातमी घरात शिरायची, बातमी आणणारा बाहेर राहायचा. मोबदला म्हणून वरून टाकलेली भाकर. गावाचा सगळा आवाज ज्याच्या पायांवर चालत होता, त्याचा स्वतःचा आवाज मात्र कुणाच्या कानी पडत नव्हता. आजच्या भाषेत बोलायचे तर तो माध्यम होता. माध्यमावर लिहिणाऱ्या आमच्या पंडितांना हे कधी सुचलेले दिसत नाही.

ही राबणूक कायद्याने बांधलेली होती. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्देविषयक कायद्याने महारकीला वतन म्हटले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. वतन जाण्याचा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले २३ जुलै १९२७ रोजी. वाचकांनी या सालाशी क्षणभर थांबावे. त्याच वर्षी २० मार्चला महाडला चवदार तळ्याचे पाणी आमच्या माणसांनी ओंजळीत घेतले आणि त्याबद्दल डोकी फोडून घेतली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. हवेतून आवाज मोकळा वाहू लागला ते वर्ष आणि तळ्यातल्या पाण्यासाठी रक्त सांडले ते वर्ष एकच.

यंत्र कुणाची जात विचारीत नाही, असे आमचे काही पुरोगामी मित्र मोठ्या श्रद्धेने म्हणतात. यंत्र विचारीत नसेल. पण यंत्र कुठे ठेवायचे हे माणूस ठरवतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि त्यांच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याला विटाळ करी. विणकाम खात्यातच पगार जास्त होता, हेही लक्षात घ्यावे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे केला तेव्हा कामगारांच्या पुढाऱ्यांची पंचाईत झाली. धोट्याची ही गोष्ट रेडिओलाही लागू पडते.

१९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे खेड्यांत श्रोतृमंडळे काढली. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. पंधरावीस माणसांनी एकत्र बसायचे, ऐकायचे, ऐकलेल्यावर चर्चा करायची आणि मग गावात काही करून दाखवायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली, पॉल न्यूरथ यांनी त्यावर लिहिले, आणि माध्यमांच्या अभ्यासात हा प्रयोग जगभर गाजला. कल्पना चांगलीच होती. पण ‘एकत्र बसायचे’ हे दोन शब्द लिहिणाऱ्याला किती सोपे वाटले असतील! १९५६ साली आमच्या भागातल्या खेड्यात कोण कुणाशेजारी बसत होते?

आमचे गाव त्यातल्याच अहमदनगर जिल्ह्यातले. (२०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे.) पंचायतीचा रेडिओ चावडीत कुलपाच्या कपाटात असे. वीज नव्हती, म्हणून तो मोटारीच्या बॅटरीसारख्या जड बॅटरीवर चाले. बॅटरी उतरली की ती डोक्यावर घेऊन तालुक्याला चार्ज करायला न्यायची आणि भरून परत आणायची. हे काम कुणाचे, ते सांगायला नको. माझे वडील तेव्हा विशीत होते. बॅटरीतले ॲसिड हिंदकळून त्यांच्या मानेवर आणि उजव्या खांद्यावर पडायचे. ते डाग मरेपर्यंत होते. लहानपणी मला वाटे, ते देवीचे वण आहेत.

बॅटरी चावडीच्या पायरीवर ठेवायची आणि मागे व्हायचे. समोर एक कडुनिंब होता, आमच्या माणसांनी त्याच्याखाली बसून ऐकायचे. वारा उलटा असला तर काही ऐकू येत नसे. तरी वडील रोज जात. बातम्या, शेतीच्या गप्पा, तमाशातली एखादी लावणी. त्यांना त्या आवाजाचे भारी वेड होते. दिल्लीत बोललेला शब्द त्याच घटकेला कडुनिंबाखाली येतो, पाच कोस चालावे लागत नाही, याचे नवल सांगावे वाहणाऱ्याइतके कुणाला वाटणार?

६ डिसेंबर १९५६ च्या संध्याकाळी वडील त्याच कडुनिंबाखाली बसले होते. बाबासाहेब दिल्लीत वारल्याची बातमी रेडिओने सांगितली. वडिलांना नीट ऐकू आले नाही. नाव ऐकू आले, पुढचे वाऱ्याने नेले. ते उठून पायरीपर्यंत गेले आणि म्हणाले, “पाटील, आवाज वाढवा जरा.” कुणीतरी रेडिओ बंद केला. आतून एक जण म्हणाला, “गेला तुमचा आंबेडकर.” वडील हे सांगताना प्रत्येक वेळी इथे थांबत. जन्मभर गावाच्या मरणाचे सांगावे आम्ही नेले, आणि आमच्या बापाच्या मरणाचा सांगावा आम्हांला असा मिळाला, असे म्हणत. त्या रात्री ते आणि माझे थोरले मामा दोन वाटांनी निघाले आणि सकाळपर्यंत आसपासच्या सात महारवाड्यांत सांगून आले. मामा तसेच पुढे मुंबईच्या गाडीला गेले. दादरच्या चौपाटीला ते पोचले तेव्हा ७ तारखेचा अंत्यविधी होऊन गेला होता. पुढे आमच्या वस्तीने धम्म घेतला, गावकीची कामे सोडली. वडिलांनी नेलेला शेवटचा सांगावा तोच.

त्यानंतर बॅटरी कोण नेणार यावरून चावडीचा रेडिओ काही महिने मुकाच होता. याचे मला अजून हसू येते.

घरात पहिला ट्रान्झिस्टर आणला धाकट्या चुलत्यांनी, १९७१ साली. ते परळच्या एका गिरणीत होते. चामड्याच्या पिशवीतला तो ट्रान्झिस्टर त्यांनी गळ्यात अडकवून एस.टी.तून उतरताना साऱ्या गावाने पाहिला, आणि तो पाहिला जावा म्हणूनच त्यांनी तो गळ्यात घातला होता. त्याला लायसन लागे. दर वर्षी पोस्टात पैसे भरून लायसनच्या पुस्तकात तिकिटे चिकटवून घ्यायची. हे लायसन १९८० च्या दशकाच्या मध्यावर गेले. तोवर पोस्टमास्तर गावातल्या इतर रेडिओंची चौकशी करो न करो, आमच्या रेडिओचे लायसन तो नेमके विचारी. सेल संपत आले की आवाज रडका होई. मग ते पत्र्यावर उन्हात ठेवायचे, दातांनी चावून बघायचे, पुन्हा घालायचे. एखादे गाणे मिळे, एखादे वेळी अर्ध्या बातम्या. त्या अर्ध्या बातम्यांवर रात्रभर वाद चालत.

मात्र त्या ट्रान्झिस्टरवर सारे जग येई, आम्ही येत नव्हतो. आमचे गाणे होते, ते जलशात. भीमराव कर्डकांच्या जलशांनी १९३० च्या दशकापासून बाबासाहेबांचा विचार कंदिलाच्या उजेडात खेडोपाडी नेला. पुढे वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली. मुंबईत मोठेपणी अक्षरओळख झालेला हा माणूस महाराष्ट्रभर फिरत राहिला. पण गाणारा दुसऱ्या गावी गेला की गाणे त्याच्याबरोबर जाई. मागे राही ते आमच्या तोंडी राहिलेले, निम्मे विसरलेले.

म्हणून कॅसेट आली तेव्हा आम्हांला जे मिळाले ते दिवाणखान्यातल्या लोकांना मिळाले नाही. फिलिप्सने ही चपटी कॅसेट १९६३ साली काढली. आमच्याकडे ती यायला १९८० उजाडले. रेडिओ वरून खाली येतो. त्याचे केंद्र दुसऱ्याच्या हातात. कॅसेटचे बटण आमच्या हातात होते. लाल बटण आणि शेजारचे बटण एकदम दाबले की आमचाही आवाज राहत होता. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची गाणी आता गायक गेला तरी वस्तीत राहू लागली. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असे करीत शेवटच्या कॅसेटमध्ये ढोलकीपेक्षा खरखर जास्त असे. तरीही ती १४ एप्रिलला कर्ण्यावर लागे आणि गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाई. त्या कर्ण्यावरून किती गावांत दगड पडले, त्याचा हिशेब कुणी ठेवला आहे? प्रल्हाद शिंद्यांनी गायलेली विठ्ठलाची गाणी त्याच गावात देवळावर वाजत. तोच गळा देवळावर चाले, बौद्धवाड्यात चालत नसे.

टेपच्या खोड्या ज्याने सोसल्या त्यालाच ठाऊक. फीत रोलरला गुंडाळायची, मग ती श्वास रोखून उपसायची, चक्रात पेन्सिल घालून पुन्हा गुंडाळायची. पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी. बेल्ट सैल झाला की वामनदादांचा आवाज म्हाताऱ्या रेड्यासारखा. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या चिपा असतात. त्या मोडल्या की त्यावर पुन्हा भरता येत नाही, आधीचे सुरक्षित राहते. ही साधी गोष्ट मला १९८३ साली माहीत नव्हती. मी तेव्हा शिक्षक होतो, हे विशेष!

त्या वर्षी चुलते गिरणी संपात घरी बसले होते. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला होता आणि संपण्याचे लक्षण नव्हते. त्यांनी चांगल्या दिवसांत घेतलेला टू-इन-वन विकायला काढला. तो विकला जाण्याआधी मी एक साठ मिनिटांची कॅसेट आणली आणि आजीला जात्यावर बसवले. आजी म्हणाली, “त्या डबड्यात मी कशी मावणार रं बाबा?” मावली. दोन्ही बाजू भरल्या. रमाईच्या ओव्या, भीमाच्या ओव्या, दुष्काळाच्या, माझ्या वडिलांच्या मानेवरच्या डागांचीही एक होती. मी कॅसेटवर नावसुद्धा घातले नाही, इतकी ती मला ओळखीची वाटत होती. पुढच्या उन्हाळ्यात चुलतभावाने तिच्यावर रेडिओवरची सिनेमाची गाणी भरली. त्याचा दोष नाही. कोरी समजून भरली. आजी १९८६ साली गेली.

बाहेरच्या लोकांनी हे काम आमच्याहून नीट केले, हे कबूल करायला लाज कशाला? हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या लाखाच्या घरात गोळा केल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. त्या आज कुणालाही ऐकता येतात. आमच्या किती वस्त्यांतल्या पेट्यांत अशा कॅसेटी बुरशी खात पडल्या आहेत, आणि लग्नाच्या गडबडीत किती उकिरड्यावर गेल्या? आमच्या चळवळीने कागद जपायला उशिरा का होईना सुरुवात केली. आवाज जपायचा राहिला.

आता मोबाइल आहे. १९५५ साली बीबीसीसाठी फ्रान्सिस वॉटसन यांनी घेतलेली बाबासाहेबांची मुलाखत मी त्यावर चुलत्यांना ऐकवली. इंग्रजी. गांधींविषयी बाबासाहेब बोलत होते. चुलते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, “काय म्हणत्यात ते नाय कळलं. पर कुणाला भीत न्हाईत, एवढं कळतंय.” वयाच्या ऐंशीत त्यांनी बाबासाहेबांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. एवढ्यासाठी तरी या यंत्राला मी शिव्या देणार नाही.

पण त्याच मोबाइलवर २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीला एका दलित तरुणाला भीमगीताची रिंग वाजली. ती बंद कर म्हणून वाद उकरला गेला आणि त्याचा खून झाला. लग्नासाठी आलेला, शिकणारा मुलगा होता. चावडीवरचा रेडिओ बंद करणारा हात आमच्याच जिल्ह्यात एकोणसाठ वर्षांनी खिशापर्यंत पोचला होता.

माझी कॅसेट मी टाकली नव्हती. तालुक्याला एक जुना रेडिओ-दुरुस्तीवाला अजून दुकान उघडतो. त्याने नवा बेल्ट बसवून टेप चालू केला, माझ्या एका विद्यार्थ्याने त्यातले संगणकावर घेतले. दुसऱ्या बाजूच्या शेवटी चुलतभावाला गाण्यांचा कंटाळा आला असावा. नायिकेचे गाणे मध्येच तुटते, खट्ट असा आवाज होतो, आणि आजी अर्ध्या ओळीपासून सुरू होते. अकरा मिनिटे आहेत. जात्याची घरघर खालून चालू असते. डागांची ओवी त्यात नाही. एकदा आजी थांबते आणि विचारते, “चालू हाय का रं ते अजून?” मी हो म्हणतो. ती पुन्हा खुंटा धरते.