मालक नसलेलं भूत : ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ आणि झॉम्बीचा जन्म

गेल्या वेळी आपण मूकपटांच्या काळातल्या भयपटांपर्यंत आलो होतो. आज मधली चाळीसेक वर्षं ओलांडून थेट १९६८ सालात जायचंय, अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात. पोलादाच्या कारखान्यांचं शहर, हॉलिवूडपासून कितीतरी लांब. तिथे जॉर्ज रोमेरो नावाचा अठ्ठाविशीचा तरुण मित्रांबरोबर जाहिरातपट बनवायचं छोटं दुकान चालवत होता. लहान मुलांच्या एका प्रसिद्ध टीव्ही कार्यक्रमासाठीही त्याने काही तुकडे चित्रित करून दिले होते. या माणसाने जगाला झॉम्बी दिला.

आता तुम्ही म्हणाल, झॉम्बी तर त्याच्या आधीपासून होता. बरोबर. पण तो वेगळा होता, आणि तो फरक आधी समजून घेतला पाहिजे.

मूळ झॉम्बी हैतीचा. हैती म्हणजे फ्रेंचांची उसाची वसाहत. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी तिथे बंड केलं आणि १८०४ मध्ये स्वतंत्र देश उभा केला. त्या लोकांच्या समजुतीतला झॉम्बी कुणाला चावत नाही, कुणाला खात नाही. तो राबतो. मेल्यावरही मांत्रिक त्याला उठवतो आणि शेतावर जुंपतो. गुलामाला मरणाची भीती किती असणार? मरणानंतर तरी सुटका होईल ही त्याची आशा होती. तीसुद्धा हिरावली जाणं, ही त्याची खरी भीती. १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकी फौजा हैतीत होत्या आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी रस्ते बांधण्यासाठी लोकांना वेठीला धरलं होतं. त्याच काळात या गोष्टी प्रवासवर्णनांतून अमेरिकेत पोचल्या, आणि १९३२ मध्ये ‘व्हाइट झॉम्बी’ हा चित्रपट आला. त्यातला साखर कारखान्यातला प्रसंग जमलं तर जरूर बघा. मेलेली माणसं चरक फिरवतायत, त्यांतला एक जण तोल जाऊन आत पडतो, आणि बाकीचे थांबतही नाहीत. चरक फिरतच राहतो. भयपटातल्या शंभर किंकाळ्यांपेक्षा ते दृश्य जास्त अंगावर येतं.

रोमेरोने यातलं काहीच उचललं नाही. त्याच्या डोक्यात होती रिचर्ड मॅथेसनची १९५४ ची कादंबरी, ‘आय ॲम लेजंड’, जिच्यात सगळं जग रक्तपिपासू झालंय आणि एकच माणूस घरात कोंडून घेऊन बसलाय. गंमत म्हणजे रोमेरोच्या चित्रपटात झॉम्बी हा शब्द एकदाही येत नाही. त्यातली पात्रं त्यांना ‘गूल’ म्हणतात, प्रेतं खाणाऱ्या अरबी पिशाच्चाचं नाव. झॉम्बी हे नाव लोकांनी नंतर चिकटवलं.

चित्रपट कसा बनला? दहा जण एकत्र आले, प्रत्येकी सहाशे डॉलर काढले आणि कंपनीचं नाव ठेवलं ‘इमेज टेन’. शेवटी एकूण खर्च साधारण १ लाख १४ हजार डॉलरपर्यंत गेला, तरी हॉलिवूडच्या मानाने तो चहापाण्याचा खर्च. इव्हान्स सिटी गावाजवळ पाडायला काढलेलं एक शेतघर मिळालं, तिथेच मुक्काम. चित्रण कृष्णधवल, त्यामुळे रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप चालून गेलं. (हशा)

आणि गोष्ट तरी काय? मेलेली माणसं उठून जिवंतांना खायला लागतात. सात माणसं एका घरात अडकतात. बाहेरच्या संकटापेक्षा आत काय चाललंय ते महत्त्वाचं. तळघरात लपायचं की वरच थांबून दारंखिडक्या ठोकायच्या, यावर भांडण. त्या भांडणातच जवळजवळ सगळे मरतात. बाहेरचे मुडदे हळू चालतात, त्यांना अक्कल नाही. माणसांनी एकमेकांचं ऐकलं असतं तर ते वाचले असते.

नायक बेन. ही भूमिका ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने केली. संहितेत बेन कुठल्या वंशाचा हे लिहिलेलं नव्हतं. रोमेरो आयुष्यभर सांगत राहिला की आलेल्यांत जोन्स सगळ्यात चांगला होता म्हणून घेतला, एवढंच. पण पडद्यावर गेल्यावर एवढंच राहत नाही ना. बेन रात्रभर टिकतो, एकटाच उरतो. सकाळी बंदुका आणि कुत्री घेऊन गोऱ्यांची टोळी मुडदे मारत येते. खिडकीत बेन दिसतो. त्यालाही मुडदा समजून गोळी घालतात. मग चित्र हलायचं थांबतं. खरखरीत स्थिर छायाचित्रं येतात, वर्तमानपत्रात यावीत तशी. आकड्याने प्रेत ओढणारी माणसं, चितेचा ढीग. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसांना झुंडीने ठार मारल्याची छायाचित्रं ज्यांनी पाहिली होती, त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, आणि रोमेरोने सांगितलंय की तयार चित्रपट गाडीत घालून न्यूयॉर्कला जाताना त्याने ही बातमी रेडिओवर ऐकली. शेवट गोड करा म्हणून एका वितरकाने सुचवलंही होतं. रोमेरो आणि मंडळींनी नकार दिला. माझ्या मते हा नकार म्हणजे या चित्रपटातला सर्वांत मोठा निर्णय.

१ ऑक्टोबर १९६८ ला पिट्सबर्गमध्ये पहिला खेळ झाला. अमेरिकेत वयानुसार प्रमाणपत्र देण्याची पद्धत महिनाभराने, नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. म्हणजे दुपारच्या खेळाला शाळकरी पोरं खुशाल बसलेली. समीक्षक रॉजर एबर्ट यांनी अशाच एका खेळाबद्दल लिहिलंय. आधी गोंगाट, मग हळूहळू शांतता, आणि शेवटी रडणारी मुलं.

आता मी ज्यासाठी हा विषय घेतला तिथे येतो.

चित्रपटाचं आधीचं नाव होतं ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’. त्या नावाशी मिळताजुळता चित्रपट आधी येऊन गेला होता, म्हणून वितरकाने नाव बदललं आणि नवी नामपट्टी जोडली. हक्काची सूचना, म्हणजे ते गोलातलं ‘सी’ अक्षर, साल आणि मालकाचं नाव, जुन्या पट्टीवर होती. नव्या पट्टीवर ती घालायची राहिली. तेव्हाचा अमेरिकी कायदा १९०९ चा. त्यात सूचनेशिवाय प्रकाशित झालेल्या कृतीवरचा हक्क सरळ गेला. एक ओळ गळाली, आणि लाखो डॉलर कमावणारा चित्रपट पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा झाला. आज असं होणार नाही; १९८९ पासून तिथे सूचनेची सक्ती राहिलेली नाही.

मग काय, कुणीही प्रत काढावी आणि विकावी. टीव्ही केंद्रांना रात्री फुकटात दाखवायला सोय झाली. व्हिडिओ कॅसेटी आल्यावर तर विचारूच नका. दुसऱ्या चित्रपटातलं पात्र टीव्ही बघतंय असं दाखवायचं असेल तर लावा हाच. ‘हॅलोवीन २’ मध्ये दिसेल तुम्हाला. अमेरिकेच्या दोन पिढ्यांनी हा चित्रपट अशा फुकट प्रतींमधून पाहिला. ज्यांनी बनवला त्यांच्या हाती मात्र त्या मानाने फार थोडं लागलं.

झॉम्बी पसरला तो चित्रपट उत्तम होता म्हणून, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. उत्तम भयपट पुष्कळ आहेत. इथे नियम सोपे होते: मेलेला उठतो, हळू चालतो, चावला की तुम्हीही त्यातले, डोकं फोडलं तरच थांबतो. आणि नियमांना मालक नव्हता. आपल्याकडचं भूत बघा. मुंजा म्हटला की पिंपळ आला, हडळ म्हटली की तिची कहाणी आली, आणि वेताळ तर कोकण-गोव्यात गावाचा राखणदार देव. प्रत्येकाला जागा आहे, कारण आहे. झॉम्बीला गाव नाही, नाव नाही, इच्छा नाही. त्यामुळे तो कुठल्याही गावात चालतो.

रोमेरोने स्वतः १९७८ मध्ये ‘डॉन ऑफ द डेड’ केला आणि मुडदे खरेदीच्या मॉलमध्ये फिरवले. ‘लिव्हिंग डेड’ हे शब्द त्याचा सहलेखक जॉन रुसो याच्या वाट्याला गेले. त्यातून निघालेल्या १९८५ च्या ‘रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड’ने झॉम्बीला मेंदू खायची सवय लावली, रोमेरोच्या मुडद्यांना तसली आवडनिवड नव्हती. पुढे १९९६ मध्ये जपानी व्हिडिओ गेम ‘रेसिडेंट ईव्हिल’, २००३ पासून ‘द वॉकिंग डेड’ ही चित्रकथा, २०१६ मध्ये कोरियाचा ‘ट्रेन टू बुसान’. २०११ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने झॉम्बी आले तर काय तयारी ठेवाल, असं विचारत लोकांना वादळ-भूकंपाची तयारी शिकवली. आपल्याकडे २०१३ मध्ये ‘गो गोवा गॉन’ आला, आणि २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’. डोंबिवलीतली इमारत, शेजारी वस्ती. आता झोंबी हा आपला जुनाच शब्द, कुस्तीतला; आनंद यादवांची कादंबरी त्याच नावाची. (हशा) पण ‘झोंबिवली’त एक गोष्ट बरी झाली. मुडद्यांइतकंच इमारत विरुद्ध वस्ती हे भांडण त्यात आहे. म्हणजे रोमेरोचं तळघर डोंबिवलीपर्यंत आलं.

बाकी बहुतेकांनी काय उचललं? चालणं, चावणं, डोक्यात गोळी. शेवट फार थोड्यांनी उचलला. मोफत मिळालेल्या मालातली सगळ्यात जड वस्तू तीच होती आणि ती बऱ्याच जणांनी तिथेच ठेवली. हैतीचा राबणारा मुडदा तर त्याच्याही आधी विसरला गेला होता. ज्या व्हिडिओ गेममध्ये आपण तासात दोनशे झॉम्बी उडवतो, त्यात आपण खिडकीतल्या बेनच्या जागी नसतो, बाहेरच्या टोळीत असतो.

१९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या चित्रपटाचा समावेश झाला. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात नव्याने स्वच्छ केलेली प्रत दाखवली गेली, आणि पुढच्याच वर्षी, जुलै २०१७ मध्ये रोमेरो गेला. जुन्या प्रती अजूनही इंटरनेटवर मोफत आहेत, दीड तासाचा चित्रपट आहे, बघून या. पुढच्या वेळी प्रश्न तिथूनच घेऊ.